ब्रेकच्या नळीची वाट

हिवाळाभर ताडपत्रीखाली ठेवलेला माझा १९६६ सालचा शेवरले सी-१० ट्रक मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गॅरेजमधून बाहेर काढत होतो. घरासमोरच्या उताराच्या टोकाशी ब्रेक दाबला, तर पेडल कसलाही विरोध न करता थेट तळाला जाऊन टेकले. वेग माणूस चालतो तेवढाच होता आणि पार्किंग ब्रेकची तार शाबूत होती, म्हणून ट्रक रस्त्यावर न जाता पदपथाशी थांबला. खाली वाकून पाहिले तेव्हा मागच्या चाकांकडे जाणारी पोलादी नळी ॲक्सलच्या हातभर अलीकडे फुटलेली दिसली. वरून ती नुसती तांबूस वाटत होती, पण नखाने खरवडताच तिचे पापुद्रे निघाले.

मिशिगनमध्ये राहणाऱ्याला याचे नवल वाटू नये. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते खारे पाणी चॅसीच्या प्रत्येक खाचेत जाऊन बसते. २०१५ साली अमेरिकेच्या संघीय वाहतूक-सुरक्षा यंत्रणेने ब्रेकच्या गंजलेल्या नळ्यांची एक मोठी चौकशी बंद करताना वाहनमालकांना गाडीची खालची बाजू वेळोवेळी धुण्याचा आणि नळ्या तपासून घेण्याचा सल्ला दिला होता, आणि त्या चौकशीतल्या गाड्या तर माझ्या ट्रकपेक्षा तीन दशकांनी तरुण होत्या. माझा ट्रक, त्याच्या पाटीवरच्या अक्षरानुसार, घरापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या फ्लिंटच्या कारखान्यात जोडला गेला. म्हणजे त्याचे सारे आयुष्य बहुधा याच मिठात गेले असावे.

फुटलेली नळी बदलणे हे एका दुपारचे काम होते. मला मात्र खटकली ती दुसरीच गोष्ट. १९६६च्या या ट्रकमध्ये मास्टर सिलिंडरला, म्हणजे पेडल दाबले की ब्रेकच्या तेलावर दाब आणणाऱ्या भागाला, तेलाचा एकच कप्पा आणि बाहेर पडणारी एकच वाट असते, आणि तिलाच पुढे फाटे फुटून ती चारही चाकांच्या ब्रेक-ड्रमांकडे जाते. कुठेही एका जागी छिद्र पडले की चारही चाकांचा दाब एकदमच संपतो. पुढच्याच वर्षीच्या, म्हणजे १९६७च्या मॉडेलपासून या ट्रकांना दोन स्वतंत्र कप्प्यांचा मास्टर सिलिंडर मिळाला आणि १९७१पासून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले. त्यामुळे हात घालायचाच तर पुढे डिस्क, मागे आहेत तेच ड्रम, आणि दोन्हींची तेलाची वाट वेगळी, असे पूर्ण काम करायचे मी ठरवले.

यांत्रिक भागाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तयार संच विकत मिळतो. त्यात डिस्क, तिला पॅडने दोन्हीकडून आवळणारे कॅलिपर, पायाच्या जोराला मदत करणारा, व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर, दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आणि त्याच्याखाली बसणारा एक पितळी व्हॉल्व्ह असतो. जुने ड्रम उतरवून नवे भाग चढवायला मला दोन शनिवार लागले. कॅलिपर डावे-उजवे बदलून बसवण्याची चूक पुष्कळांकडून होते. तसे झाले तर तेलात अडकलेली हवा काढायचा निपल वर येण्याऐवजी खाली येतो आणि हवा कितीही काढली तरी आत राहतेच. निपल आकाशाकडे हवा, एवढे पाहून मी पुढे गेलो.

खरे काम तिथून सुरू झाले. संचाबरोबर नळीचे पंचवीस फुटी वेटोळे आणि एक घडीपत्रक आले होते. पत्रकात मास्टर सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि चार चाके यांना सरळ रेघांनी जोडलेली आकृती होती आणि खाली लिहिले होते की नळ्या सोयीनुसार न्याव्यात. ही सोय कोणाची धरायची, हा प्रश्न मला पुढचे तीन आठवडे पुरला. नळी बसवणाऱ्याच्या सोयीची वाट बहुधा सर्वांत जवळची असते. पण ट्रक उभा असताना जी जागा मोकळी दिसते तिथून तो चालू लागला की काहीतरी जात-येत असते. चाक वळते, ॲक्सल वरखाली होतो, एक्झॉस्ट तापतो, केबिन रबरांवर डुलते आणि मालाच्या वजनाने चॅसीचे लांब पोलादी चॅनलसुद्धा किंचित पिळले जाते. या सगळ्यांना वाट करून देऊन उरलेल्या जागेतून नळी न्यायची असते.

म्हणून जुन्या नळ्या काढण्यापूर्वी मी त्यांचीच पाहणी केली. कारखान्याने त्या कुठून नेल्या होत्या, चॅसीवर क्लिपांची भोके कुठे होती, दोन क्लिपांमध्ये किती अंतर होते, हे सगळे मोजून वहीत उतरवले आणि फोटो काढून ठेवले. मागची नळी डाव्या चॅनलच्या आतल्या बाजूने, वरच्या कडेच्या आडोशाला जात होती. तिथे चाकाने उडवलेले खडे पोहोचत नाहीत आणि जॅकही चुकून तिच्यावर टेकत नाही. साठ वर्षांपूर्वी कोणीतरी विचार करून पाडलेली ती भोके मला पत्रकातल्या रेघांपेक्षा जास्त भरवशाची वाटली. शक्य तिथे तीच वापरायची, असे ठरले.

नळीचा धातू निवडताना मी पोलाद टाळले. निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची नळी महाग असते, पण ती मिठाला दाद देत नाही आणि हाताने वळते. साधी तांब्याची नळी मात्र ब्रेकसाठी कधीही वापरू नये, कारण थरथरीने ती कडक होत जाते आणि शेवटी तडकते. दुकानात एका विक्रेत्याने मधल्या जोडांसाठी कॉम्प्रेशन जोड सुचवला, तो मी जागच्या जागी परत केला. नळाच्या पाण्याला चालणारा तो जोड जोराचा ब्रेक दाबल्यावर चौरस इंचाला हजार पौंडांच्या घरात जाणाऱ्या दाबापुढे निसटू शकतो. संचातले वेटोळे पोलादी असल्यामुळे ते बाजूला ठेवले आणि नवे मोजमाप केले. मास्टरपासून व्हॉल्व्हपर्यंत दोन तुकडे मिळून दोन फूट, पुढच्या डाव्या चाकाला चार, उजव्याला सात, मागे जाणारी अकरा आणि ॲक्सलवरच्या दोन मिळून सहा, अशी बेरीज तीस फूट झाली. पंचवीस फुटांचे एक वेटोळे पुरणार नव्हतेच. मधे जोड घालून तुकडे वापरण्यापेक्षा मी ३/१६ इंची नळीची दोन वेटोळी आणली. जोड जितके कमी, तितक्या गळतीच्या जागा कमी.

वाट ठरवण्यासाठी मी आधी नळीला हात लावला नाही. वेल्डिंगची पातळ तार घेऊन ती चॅसीवर, नळी जिथून जायची तिथून, वाकवत नेली आणि सुतळीने बांधून ठेवली. तीन वाटांच्या तीन तारा दोन दिवस तशाच ठेवून मी येता-जाता त्यांच्याकडे पाहत राहिलो. हा वेळ वाया गेला असे पत्नीचे मत होते, पण याच दोन दिवसांत तीनपैकी दोन वाटा बदलल्या.

पहिली बदलली ती मागची. या ट्रकला सरळ सहा सिलिंडरचे २५० घन इंची इंजिन आहे आणि त्याचा एक्झॉस्ट डाव्या, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूने खाली उतरतो. मास्टर सिलिंडरही त्याच बाजूला. आधीच्या मालकाने कधीतरी एक्झॉस्टचा पाइप बदलून तो डाव्या चॅनलच्या बराच जवळून नेला होता. थंड इंजिनावर माझी तार आणि तो पाइप यांच्यात दोन बोटे अंतर दिसत होते आणि ते मला पुरेसे वाटले होते. मग एकदा इंजिन चालू करून वीस मिनिटे तसेच ठेवले आणि तारेजवळ हात नेला, तर तो धरवेना. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या तेलाला उकळायला निदान २०५ अंश सेल्सिअस लागत असले, तरी ओल धरलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. नळीत तेल उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल पुन्हा तळाला जाते. म्हणजे गंजाने जे एकदा केले तेच उष्णतेने पुन्हा घडले असते. नळी चॅनलच्या वरच्या कडेखाली आणखी आत सरकवून अंतर चार बोटांचे केले आणि जिथे पाइप सर्वांत जवळून जातो त्या दीड फुटात मध्ये पत्र्याचा पडदा लावला. पडदा नळीला नव्हे, चॅनलला स्क्रूने बसवला, म्हणजे नळी आणि पडदा यांच्यातही हवा खेळती राहते.

दुसरी बदलली ती उजव्या चाकाची. ती डावीकडून उजवीकडे न्यायला पुढच्या क्रॉसमेंबरखेरीज, म्हणजे दोन्ही चॅनल जोडणाऱ्या आडव्या तुळईखेरीज, दुसरा पूल नाही. मी तार त्याच्या पुढच्या अंगाने नेली होती, कारण तिथे हात सहज पोहोचत होता. पण पुढून उडणारा प्रत्येक खडा तिथेच लागणार, हे दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना लक्षात आले. तार मागच्या अंगाला घेतली. तिथे हात पोहोचायला उताणे पडून खांदा तिरका करावा लागतो, आणि पन्नाशीच्या माणसाला ते दिवसातून तीनदाच जमते.

केबिन आणि चॅसी यांच्यामधला टप्पा सर्वांत फसवा आहे. मास्टर सिलिंडर आणि त्याच्याखालचा व्हॉल्व्ह केबिनच्या पुढच्या भिंतीवर असतो, तर नळ्या चॅसीला धरलेल्या असतात, आणि केबिन चॅसीवर रबरी गाद्यांवर बसते. खड्ड्यातून जाताना दोन्ही वेगवेगळे हलतात. तिथे नळी सरळ ताठ नेली तर ती रोज थोडी थोडी वाकत राहून फ्लेअरच्या, म्हणजे नटाखाली दाबल्या जाणाऱ्या पसरट टोकाच्या, मुळाशी तुटते. उपाय जुनाच आहे: त्या टप्प्यात नळीला एक वेढा द्यायचा. मी वेढे पाण्याच्या मोठ्या पाइपाच्या तुकड्याभोवती वळवून घेतले आणि ते आडवे ठेवले. उभा वेढा ठेवला की त्याच्या माथ्यावर हवा अडकायला जागा होते. याच कारणासाठी पुढेही नळी कुठे कमानीसारखी वर चढून पुन्हा उतरणार नाही हे पाहिले. या वेढ्यांनी पुढे माझी एक चूकही झाकून घेतली, ती ओघात येईलच.

नळी वळवण्याचे हत्यार साधेच आहे, पण मोजमाप खरे लागते. वेटोळ्यातून काढलेली नळी आधी सपाट फळीवर हाताच्या तळव्याने लाटून सरळ केली. उजव्या चाकाच्या सात फुटी नळीला एकूण नऊ वळणे होती. तारेच्या नमुन्यावर एकेक वळण ताडून पाहत ती पुरी करायला संपूर्ण रविवार गेला. ती क्रॉसमेंबरमागे अशी काही चपखल बसली की मी तिचा फोटो काढून कोल्हापूरला वडिलांना पाठवला. शिवाजी उद्यमनगरात त्यांनी तीस वर्षे गॅरेज चालवले आहे. त्यांचे उत्तर एका ओळीचे आले: "झकास. नट कुठं आहे?"

नट बाकावर होता. नळीच्या दोन्ही टोकांना फ्लेअर करून झाले होते आणि एका टोकाला नट घातलाच नव्हता. फ्लेअर कापून नट सरकवावा आणि पुन्हा फ्लेअर करावे, एवढे सोपे ते नव्हते. शेवटचे वळण टोकापासून जेमतेम इंचभर होते, नट त्या वळणावरून पलीकडे जात नव्हता, आणि फ्लेअरच्या हत्याराला पकडायला तेवढी सरळ लांबी उरत नव्हती. वळण सरळ करून पुन्हा वाकवणे म्हणजे नळीला तिथेच दुबळे करणे. सात फूट नळी बाद झाली. तेव्हापासून मी नळी कापली की आधी दोन्ही नट घालतो आणि टोकांना चिकटपट्टी लावतो, म्हणजे ते खाली गळून पडत नाहीत. बाद नळी मात्र पुढच्या नळीसाठी तारेपेक्षा चांगला नमुना ठरली. वडिलांनी फोनवर इतकेच सांगितले की त्यांनी पहिल्या वर्षी हेच दोनदा केले होते.

एकूण सात तुकडे, म्हणजे चौदा फ्लेअर करायची होती. या ट्रकाच्या जोडांना ४५ अंशांचे दुहेरी फ्लेअर लागते. नळीचे ओठ आधी आतल्या बाजूला दुमडून, मग बाहेर पसरवून दोन पदरी बसक तयार करायची, म्हणजे ती नटाच्या दाबाखाली फाटत नाही. रेसिंगच्या सामानात मिळणारे जोड ३७ अंशांचे असतात. दोन्ही एकमेकांत आट्याने बसल्यासारखे वाटतात, पण दाब धरत नाहीत. नळी करवतीने न कापता चाकाच्या कटरने कापली, आतला-बाहेरचा बूर काढला आणि टोक किंचित उतरते केले. माझे पहिले हत्यार स्वस्तातले होते. त्याच्या पकडीतून नळी सरकायची आणि ओठ एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असे यायचे. सहा तुकडे वाया घालवल्यावर शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी त्यांचे बाकावर बसवायचे हत्यार दिले. त्याने फरक लगेच पडला. तरीही मी वीसेक सरावाची फ्लेअर करून, भिंगाखाली पाहून, मगच खऱ्या नळ्यांना हात घातला.

नटांनी आणखी एक दिवस खाल्ला. नळी सगळीकडे ३/१६ इंचीच असली तरी व्हॉल्व्हची भोके सारखी नसतात. पुढच्या वाटांना ३/८ इंची, एका इंचात २४ आट्यांचा नट बसला, पण मागच्या वाटेला तोच नट सैल डुलत होता. तिथे ७/१६ इंची नट हवा होता आणि मास्टर सिलिंडरला त्याहून मोठे. फ्लेअर करण्यापूर्वी प्रत्येक नट रिकाम्या भोकात हाताने फिरवून पाहणे, एवढीच यावरची तोड आहे.

होजचे प्रकरण मला अपेक्षेपेक्षा अवघड गेले. चॅसीवरच्या ब्रॅकेटपासून कॅलिपरपर्यंत रबरी होज येतो आणि त्याला चाकाबरोबर वळायचेही असते, वरखालीही व्हायचे असते. ट्रक घोड्यांवर, म्हणजे उचलून धरणाऱ्या स्टँडांवर, असताना चाके लोंबत होती आणि होज छान दिसत होता. पण रस्त्यावर चाके कधी पूर्ण लोंबत नाहीत. म्हणून मी खालच्या आर्मखाली जॅक लावून तीन उंच्या धरल्या: पूर्ण लोंबलेले, नेहमीच्या उंचीवर आणि पूर्ण दबलेले. प्रत्येक उंचीला स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत, मध्ये आणि उजवीकडे शेवटपर्यंत फिरवले. एका चाकाच्या नऊ अवस्था झाल्या. होजला खडू फासला आणि चाक चढवून पुन्हा तेच केले. आठ अवस्थांमध्ये टायर स्वच्छ राहिला. नवव्या अवस्थेत, चाक पूर्ण दबलेले आणि डावीकडे पूर्ण वळलेले असताना, टायरच्या आतल्या अंगावर खडूची बोटभर रेघ उमटली. अशी अवस्था म्हणजे मोठ्या खड्ड्यात वळण घेणे. वर्षातून दोन-चार वेळा येणारी ती वेळ होज कापायला पुरेशी आहे. ब्रॅकेट दीड इंच मागे घेतले आणि कॅलिपरवरचा जोड थोडा फिरवला, मग रेघ उमटणे थांबले. फिरवताना तांब्याची दोन्ही वॉशर नवी घातली, कारण एकदा दाबली गेलेली वॉशर पुन्हा तशी बसत नाही. होजवर लांबीभर एक पांढरी रेघ छापलेली असते, ती सरळ राहिली तर होजला पीळ नाही असे समजावे. पहिल्यांदा घट्ट करताना माझी रेघ जिन्यासारखी फिरली होती.

मागच्या ॲक्सलला एकच होज लागतो. तो चॅसीवरून ॲक्सलवरच्या तिठ्यावर येतो आणि तिथून दोन नळ्या दोन्ही ड्रमांकडे जातात. सी-१०ला मागे पाट्याच्या स्प्रिंगा नसून गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि लांब आर्म आहेत, त्यामुळे ॲक्सल खाली लोंबला तर बराच लोंबतो. चॅसी उचलून ॲक्सल मोकळा सोडला आणि तेव्हाही होज ताणला जात नाही, हे पाहून घेतले. ॲक्सलवरच्या नळ्या हाउसिंगच्या मागच्या बाजूने, वरून थोड्या खाली नेल्या. अगदी वर नेल्या तर पूर्ण दबलेल्या अवस्थेत वरच्या रबरी थोपणीशी गाठ पडते आणि अगदी खाली नेल्या तर दगडांशी.

व्हॉल्व्हबद्दल थोडे लिहिणे भाग आहे, कारण नळी कोणत्या भोकात जाते यावर सगळे अवलंबून असते. मास्टर सिलिंडरचा मोठा कप्पा डिस्कचा असतो. पॅड झिजत जातात तसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर येत राहतो आणि त्याच्यामागे तेलही जास्त लागते. व्हॉल्व्ह तीन कामे करतो: मागच्या ड्रमांना जोराच्या ब्रेकमध्ये जास्त दाब जाऊ देत नाही, ड्रमांचे शू स्प्रिंगांवर मात करेपर्यंत पुढच्या डिस्कना क्षणभर थोपवतो, आणि दोन वाटांपैकी एकीचा दाब गेला तर दिव्याची तार जोडतो. माझ्या ट्रकच्या डॅशबोर्डवर असा दिवा १९६६ साली नव्हताच. मी स्टिअरिंगखाली एक लहान लाल दिवा बसवला. संचात दहा पौंडांचा दाब धरून ठेवणारा आणखी एक छोटा व्हॉल्व्ह होता आणि पत्रकात तो कोणत्या वाटेला लावायचा ते स्पष्ट नव्हते. तो ड्रमच्या वाटेचा आहे. डिस्कच्या वाटेला लावला तर पॅड डिस्कला घासतच राहतात.

नळ्या चॅसीला धरायला आत रबर असलेल्या क्लिपा वापरल्या, साधारण दीड फुटाला एक, आणि प्रत्येक वळणाच्या दोन्ही अंगांना एक. जिथे नळी चॅनलच्या भोकातून जाते तिथे रबरी कडे घातले. हे काम कंटाळवाणे आहे आणि इथेच माणूस घाई करतो. मीही केली, पण त्याबद्दल शेवटी.

मास्टर सिलिंडरची हवा तो बाकावर असतानाच काढली होती. मग तेल भरून चाकांची हवा काढायची ठरलेली रीत पाळली: मागचे उजवे, मागचे डावे, पुढचे उजवे, पुढचे डावे, म्हणजे मास्टरपासून सर्वांत लांबचे आधी. पत्नी केबिनमध्ये आणि मी खाली. लहानपणी गॅरेजमध्ये ऐकलेली हाक तोंडून आपोआप निघाली: "मार, मार, मार... धर!" तिला पहिल्यांदा वाटले मी तिच्यावरच ओरडतो आहे. दोन फेऱ्यांनंतर बुडबुडे थांबले आणि पेडल वर येऊन घट्ट झाले.

त्यानंतरची परीक्षा कोरड्या कागदाची. पत्नीने पेडल पूर्ण जोराने पूर्ण मिनिटभर दाबून धरले आणि मी चौदाही जोडांना पांढरा टिशू कागद टेकवत गेलो. तेरा कोरडे निघाले. व्हॉल्व्हच्या मागच्या वाटेच्या जोडावर कागदाला टाचणीच्या डोक्याएवढा ओला ठिपका आला. नट सैल करून पुन्हा घट्ट केला, दोनदा तसे केले, म्हणजे मऊ नळी बसकेत नीट बसते. ठिपका लहान झाला पण गेला नाही. आणखी जोर लावून नट आवळण्याचा मोह झाला, तो आवरला आणि जोड उघडला. फ्लेअर किंचित एका बाजूला सरकलेले होते. भिंगाखाली दिसणारी ही गोष्ट मी घाईत पाहिली नव्हती. आता टोक कापून नवे फ्लेअर करायचे म्हणजे नळी सुमारे सेंटिमीटरभर आखूड होणार आणि अकरा फुटी नळी पुढे ओढता येणार नव्हती, कारण ती सगळीकडे क्लिपांनी बांधलेली होती. तिथे केबिनजवळचा वेढा उपयोगी पडला. तो थोडा आवळताच सेंटिमीटर मिळाला आणि नळी पुन्हा व्हॉल्व्हपर्यंत पोहोचली. नवा जोड कोरडा निघाला. गळलेले थोडेसे तेल बूस्टरच्या कडेवर ओघळले होते आणि मी पाणी घेऊन धावेपर्यंत तिथला नवा काळा रंग सुरकुतला होता. ब्रेक ऑइल रंगाला सोडत नाही हे ठाऊक असूनही खाली फडके ठेवले नव्हते.

पहिली चाचणी रविवारी सकाळी एका शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये घेतली. दहा मैलांच्या वेगापासून सुरुवात करून हळूहळू पंचवीसपर्यंत गेलो. शेवटी जोराचा ब्रेक मारून पाहिला, तेव्हा पुढची चाके आधी थांबली आणि मागची त्यांच्यामागून, ट्रक सरळ रेषेत राहिला. मागची चाके आधी अडकली असती तर रिकाम्या ट्रकचे ढुंगण बाजूला फिरले असते आणि दाब विभागणाऱ्या व्हॉल्व्हपासून पुन्हा सुरुवात करावी लागली असती.

शंभर मैल झाल्यावर ट्रक पुन्हा घोड्यांवर घेतला आणि टॉर्च घेऊन सगळी नळी बोटाने चाचपत गेलो. डाव्या चॅनलच्या मधोमध, जिथे पार्किंग ब्रेकची तार नळीजवळून जाते, तिथे नळीवर नखाएवढी जागा आरशासारखी चकाकत होती. तार सैल असताना दोघींत अंतर होते. पार्किंग ब्रेक लावला की तार ताणून सरळ होते आणि नळीला टेकते, ही दहावी अवस्था मी तपासलीच नव्हती. ओरखडा नखाला लागत नव्हता, म्हणून नळी बदलली नाही. तिथली क्लिप काढून दोन इंच वर नवे भोक पाडले, नळी तारेपासून दूर वळवली आणि तारेलाही रबरी आवरण घातले. मग पत्नीला पार्किंग ब्रेक पाच वेळा लावायला आणि सोडायला सांगितले आणि मी खाली पडून, टॉर्च धरून, नळी आणि तार यांच्यामधला अंधार तसाच मोकळा राहतो का ते पाहत राहिलो. तो राहिला. त्यानंतर ट्रक खाली उतरवला.